आधी आठ ताटं

मैत्रिणींनो, रविवारी संध्याकाळी मुलांना घेऊन हॉटेलात गेलं आणि दारातच "अर्धा तास लागेल" असं ऐकलं, की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. धाकटं रडायला लागतं, मोठं दुसऱ्यांच्या ताटात डोकावतं, आणि यजमान "घरीच जेवलो असतो" असं पुटपुटतात. गेल्या महिन्यात आमची हीच गत झाली. अर्ध्याचा सव्वा तास झाला. जेवण बरं होतं, पण बटाट्याच्या भाजीत जीव नव्हता.

घरी आल्यावर पाय चेपत बसले होते, तर हे म्हणाले, "तुझ्या हाताला चव आहे. आपणच का काढू नये एखादं हॉटेल? पुढे अंगणात कॅरम मांडू, मुलांना झोका, आतमध्ये तुझं जेवण. लोक रांगा लावतील!"

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. "तुझ्या हाताला चव आहे" म्हटलं की आपण सुखावतो, आणि त्या सुखाच्या भरात पुढचं सगळं काम आपल्याच अंगावर आलेलं कळतही नाही. मी अर्धवेळ शिक्षिका. सकाळी शाळा, दुपारी वह्या, संध्याकाळी स्वयंपाक. त्यात हॉटेल कुठे बसवायचं? पण त्या बोलण्यावरून मला एका जोडप्याची गोष्ट आठवली. हे जे स्वप्न बघत होते, ते त्या दोघांनी खरोखर उभं केलं होतं. म्हणून आज तुमच्यापुढे ती मांडते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातले वॉल्टर नॉट आणि त्यांची पत्नी कॉर्डेलिया. लग्न 1911 सालचं. लग्नानंतर तीनेक वर्षांनी वॉल्टरच्या मनाने घेतलं, की मोहावीच्या वाळवंटात सरकारी जमीन घेऊन शेती करायची. पाणी नाही, पीक नाही. पैशासाठी तो रस्त्याच्या कामावर, खाणीत असा बाहेर राबायचा, आणि त्या उजाड माळावर मातीच्या घरात लहान मुलं घेऊन कॉर्डेलिया एकटी. नवऱ्याचं स्वप्न बायकोला किती महाग पडतं, हे तिला तेव्हाच पुरेपूर कळलं असणार. तिथून निघून दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती केली, आणि 1920 साली ती दोघं ब्यूना पार्क नावाच्या गावी आली. खंडाने जमीन घेऊन बेरीची लागवड केली आणि रस्त्याच्या कडेला छपरी टाकून फळं विकू लागली.

1928 साली तिथे पक्कं दुकान झालं, आणि त्याच्या एका भागात कॉर्डेलियाने लहानसं चहाघर काढलं. चहा-कॉफी, सँडविच, घरचा जॅम, आणि बेरीचं सारण भरून भट्टीत भाजलेला 'पाय' हा गोड पदार्थ. पुढे वॉल्टरला रुडॉल्फ बॉयसेन या गृहस्थाने तयार केलेल्या एका नव्या बेरीच्या मरगळलेल्या वेली मिळाल्या. त्याने त्या जगवल्या, वाढवल्या, आणि त्या फळाला बॉयसेनचंच नाव दिलं. तीच बॉयसेनबेरी. मोठं, रसाळ फळ. लोक लांबून येऊ लागले.

पण दिवस मंदीचे होते. फळांच्या पैशात भागेना. तेव्हा 1934 च्या जूनमध्ये एका संध्याकाळी कॉर्डेलियाने आठ जणांचं जेवण रांधलं. तळलेली कोंबडी, कुस्करलेला बटाटा आणि त्यावर रस्सा, भाजी, गरम मऊ पाव, घरचा जॅम, शेवटी बेरीचा पाय. (शाकाहारी मैत्रिणींनी कोंबडीऐवजी भरली वांगी समजावी, गोष्ट बदलत नाही!) वाढायला काढली ती तिच्या लग्नातली चिनी मातीची ताटं. दर माणशी 65 सेंट. म्हणजे पहिल्या दिवसाची सगळी मिळकत पाच डॉलर वीस सेंट.

ती आठ ताटं मला फार महत्त्वाची वाटतात. तिने कर्ज काढून टेबलं मांडली नाहीत, आचारी ठेवला नाही. घरात जे होतं त्यात सुरुवात केली. फसलं असतं तर एका कोंबडीचं नुकसान आणि रात्रीची भांडी घासणं, एवढंच. पण फसलं नाही. लोक परत आले, आणखी चौघांना घेऊन आले. मुली वाढायला उभ्या राहिल्या. खोली पुरेना म्हणून भिंती हलवल्या, पुन्हा हलवल्या. काही वर्षांतच सुट्टीच्या दिवशी हजारो माणसं जेवून जाऊ लागली, आणि बाहेर तीन-तीन तासांची रांग लागू लागली.

आणि इथे खेळ आले! आपल्याकडे रांग लागली की मालक मिशीला पीळ देतो. वॉल्टरला मात्र त्या ताटकळणाऱ्या माणसांचं वाईट वाटलं असावं, किंवा ती कंटाळून निघून जातील ही भीती वाटली असावी. दोन्ही कारणं चांगलीच. त्याने आवारात दगडांची बाग केली, पाण्याचं चाक लावलं, धूर सोडणारा लुटुपुटीचा ज्वालामुखीसुद्धा बांधला. मग 1940 साली मोठंच काम काढलं. त्याची आजी छताच्या बैलगाडीतून, वाळवंट ओलांडून कॅलिफोर्नियात आली होती. तिच्या काळची आठवण म्हणून त्याने जुन्या सोन्याच्या खाणींच्या काळातलं एक ओसाड गाव उभारायला घेतलं. ठिकठिकाणच्या पडक्या वस्त्यांतून जुनी लाकडी घरं, सामान आणलं. तिथे मुलांनी परातीत वाळू धुवायची आणि सोन्याचा कण शोधायचा. 1952 साली खरी वाफेची आगगाडी धावू लागली, 1960 साली खाणीतून फिरवून आणणारी गाडी आली. जेवणघरं वाढली, दुकानं वाढली. वेळ घालवायला केलेली गंमत पाहायलाच लोक येऊ लागले.

नीट बघा हं, या गावात शिरायला कितीतरी वर्षं पैसे पडत नव्हते. कुंपण घालून प्रवेशमूल्य घेतलं ते 1968 साली. 1955 मध्ये दहा-बारा किलोमीटरवर डिस्नेलँड उघडलं, तेव्हा नॉट मंडळींचं आता कसं होणार असं अनेकांना वाटलं असेल. गर्दी कमी झाली नाही. डिस्नेलँड पाहायला आलेला माणूसही कोंबडीचं जेवण जेवायला इकडे वळायचा.

घरची माणसं कशी वाटून घेतली होती तेही बघण्यासारखं आहे. व्हर्जिनिया भेटवस्तूंचं दुकान सांभाळायची, टोनी कपड्यांचं, मुलगा रसेल कारभारात, धाकटी मॅरियन पुढे उद्यानाच्या सजावटीत आणि आखणीत. वॉल्टर बाहेरचा, कॉर्डेलिया जेवणाची. सासर-माहेरच्या एकत्र धंद्यात आपण काय बघतो? सगळे सगळ्यात हात घालतात आणि शेवटी दिवाळीच्या फराळाला कोणी कोणाशी बोलत नाही. कामाच्या हद्दी आखलेल्या असल्या की पुष्कळ भांडणं वाचतात.

आता गोष्टीतली दुसरी बाजू. कॉर्डेलिया 1974 साली गेली, वॉल्टर 1981 साली. मुलांनी काही वर्षं चालवलं. पण वाटण्या वाढतात, नातवंडांची मनं दुसरीकडे असतात. 1995 साली जॅमचा धंदा विकला, 1997 साली सगळं उद्यान एका मोठ्या कंपनीला विकलं. कुटुंबाचा धंदा तिथे संपला. मला वाचताना चुटपुट लागली. मग वाटलं, ताटं मांडणाऱ्या बाईने जन्मभर राबायचं आणि पुढच्या तीन पिढ्यांनी तिच्यासाठी तेच करत राहायचं, असा करार तर कोणी केला नव्हता. मुलांना आपण धंदा देतो, तो त्यांच्या पायातली बेडी होऊ नये.

आणखी एक. जुनं गाव, आगगाडी, बेरी, या सगळ्यांच्या कथेत वॉल्टरचं नाव आधी येतं. पण ज्या जेवणासाठी ती रांग लागत होती, ते कॉर्डेलियाचं होतं. रांग नसती तर ओसाड गावही नसतं. ते जेवणघर आजही चालू आहे, त्याच्या नावात 'मिसेस नॉट' आहे. तिचं नाव आहे, पण नवऱ्याच्या आडनावाने! तेवढं तरी आहे म्हणायचं.

तेव्हा कोणी "तुझ्या हाताला चव आहे" म्हटलं, तर हरखून जाऊ नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. चार गोष्टी आधी बोलून घ्या. सुरुवात आठ ताटांची करा, ऐंशींची नको. दागिने मोडू नका. धान्य, तेल, गॅस यांच्याबरोबर आपल्या तासांचाही हिशेब वहीत मांडा. आपली मजुरी धरल्यावर उरतं तोच नफा. जागेची कागदपत्रं आणि बँकेचं खातं यात तुमचं नाव असू द्या. आणि घरून दोन डबे विकायचे असले तरी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्या, शेजारणीच्या "काही होत नाही गं" वर जाऊ नका.

ही सगळी गोष्ट मी ह्यांना सांगितली. शेवटी म्हटलं, "कॉर्डेलिया रांधत होती तेव्हा वॉल्टर बाहेर गाव बांधत होता. तुम्ही काय बांधणार ते सांगा, मग मी कणीक मळते."

हे जरा वेळ गप्प बसले. मग उठले आणि माळ्यावरून आमच्या लग्नातली नावं घातलेली स्टीलची ताटं काढून आणली. मोजली, तर सहाच निघाली. दोन कोणाकडे प्रसादाला गेली होती ती परत आलेली नाहीत.

पुढच्या रविवारी शाळेतल्या सहा बाईंना पैसे देऊन जेवायला बोलावलं आहे. वाढायचं काम ह्यांच्याकडे आहे, आणि भांडी घासायचंही. वही मी आजच घातली आहे.