चंद्रहार आणि दहा रुपये

दिल्लीच्या चांदणी चौकातून दरीबा कलानमध्ये वळले, की लग्नसराईच्या दिवसांत सराफांच्या दुकानांतून कुटुंबेच्या कुटुंबे बसलेली दिसतात. वधूची आई हार न्याहाळीत असते आणि वडील मनातल्या मनात बेरीज करीत असतात. हे दृश्य पाहिले, की प्रेमचंदांच्या १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गबन’ या हिंदी कादंबरीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

तिची नायिका जालपा. लहानपणी फेरीवाल्याकडून मिळालेला खोटा चंद्रहार मिरविणारी ही मुलगी पुढे आईच्या गळ्यातला खरा हार पाहते, आणि तुझा हार सासरहून येईल या आश्वासनावर मोठी होते. सासरे दयानाथ कचेरीतले कारकून. कधी लाच न घेतलेले. परंतु मुलाच्या लग्नात तेही दिखाऊपणाला बळी पडतात व उधारीवर दागिने आणतात. एवढे करूनही त्यांत चंद्रहार नसतोच! पुढे सराफाचे देणे भागविण्यासाठी मुलगा रमानाथ रात्री पत्नीचेच दागिने लांबवितो आणि घरात चोरी झाल्याची बतावणी करतो.

जालपाच्या दागिन्यांच्या हौसेलाच सर्व दोष देणारे वाचक पुष्कळ आढळतात. मला ते न्यायाचे वाटत नाही. घरची खरी स्थिती तिला कुणी सांगितलीच नव्हती. रमानाथाला अलाहाबादच्या म्युनिसिपालिटीत तीस रुपयांची नोकरी लागते. पत्नी पगार विचारते, तेव्हा तो चाळीस सांगतो. बायकोच्या नजरेत लहान ठरण्याचा संकोच, एवढेच त्याचे कारण. पण या दहा रुपयांची भरपाई करण्यासाठी वरकमाई येते, नवी उधारी येते. रतन नावाची मैत्रीण कंकणांसाठी सहाशे रुपये विश्वासाने हाती देते. सराफ ते जुन्या बाकीत जमा करून घेतो. रतन पैसे परत मागू लागते. तिची समजूत काढण्यासाठी रमानाथ कचेरीची रक्कम घरी आणतो आणि जालपा ती अजाणता रतनच्या हवाली करते. रमानाथ पळून कलकत्त्याला जातो.

‘गबन’ या शब्दाला मराठीत ‘अफरातफर’ म्हणता येते. परंतु भाषांतर करणाऱ्याने येथे थोडे थांबावे. सत्य कळताच जालपा आपला दागिना विकून कचेरीची रक्कम भरते. रमानाथावर खटला उरतच नाही. कलकत्त्याच्या पोलिसांना चौकशीत हे समजते. पण ते त्याच्यापासून लपवून, त्याच्या भीतीचा फायदा घेऊन, ते त्याला राजकीय दरोड्याच्या खटल्यात माफीचा साक्षीदार करतात. ज्या गुन्ह्याला भिऊन तो पळाला, तो आता उरलेला नसतो. जो तो खरोखर करतो, त्यात निरपराध माणसांचे प्राण पणाला लागतात. त्याला बंगला मिळतो, मोटार मिळते, पत्नीसाठी दागिनेही घेता येतात.

पण आता जालपाला ते नको असतात. शृंगाराच्या वस्तू तिने आधीच गंगेत सोडल्या आहेत. कलकत्त्याला येऊन ती, पतीच्या साक्षीमुळे फाशीची शिक्षा झालेल्या दिनेशच्या घरी पाणी भरते, मुले सांभाळते. हे कळल्यावर रमानाथ न्यायाधीशांच्या घरी जाऊन सारे खरे सांगतो. पत्नीशी दहा रुपयांचे खरे बोलणे ज्याला जमले नव्हते, तोच हा रमानाथ.