त्रास नाही म्हणजे बीपी नाही?

'मला काहीच होत नाही, मग गोळी कशाला?' हा प्रश्न रास्त वाटतो. पण उच्च रक्तदाबात त्रास नसणे हा निरोगीपणाचा पुरावा नव्हे. दाब सतत 140/90 च्या वर राहिला की रोहिण्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात. हृदयाच्या डाव्या कप्प्याला जोर लावावा लागतो, त्याचा स्नायू जाड होतो. मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या निकामी होऊन लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. यातले काहीच दुखत नाही. पहिले लक्षण कधी कधी थेट पक्षाघातच असते.

'वय झाले की बीपी वाढणारच' हेही सर्वत्र खरे नाही. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक जवळपास मीठ खातच नाहीत. 1988 च्या 'इंटरसॉल्ट' पाहणीत त्यांचा रक्तदाब वयानुसार वाढलेला दिसला नाही. उरतो आक्षेप गोळी न सुटण्याचा. अनेकांची ती सुटत नाही हे खरे, पण ते व्यसन नव्हे. दाब वाढण्याची प्रवृत्ती कायम असते म्हणून औषधही चालू राहते. त्याचा लाभ मोजलेला आहे : अमेरिकेत 1967 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खालचा दाब 115 ते 129 असलेल्या 143 पुरुषांपैकी औषध न मिळालेल्या गटात गंभीर घटना 27 घडल्या, औषध घेणाऱ्यांत फक्त 2. तेव्हा तिशीनंतर वर्षातून एकदा तरी बीपी मोजून घ्या, मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवा आणि बरे वाटते म्हणून गोळी मनाने बंद करू नका.