श्वासविकारांवरील वनस्पतिज औषधे
श्वासविकारांवरील वनस्पतिज औषधे : खोकला, कफसंचय, धाप यांसारख्या तक्रारी कमी करण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या वनस्पती व त्यांपासून केलेले काढे, चूर्णे इत्यादी. चरकसंहितेत श्वासाचे महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक व क्षुद्र असे पाच प्रकार सांगितले असून तमकश्वासाची लक्षणे दम्याशी बरीच जुळतात. या औषधांच्या अध्ययनास महाराष्ट्रात संस्थात्मक रूप देणाऱ्यांमध्ये गंगाधरशास्त्री गुणे यांची गणना होते. त्यांनी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे १९१७ मध्ये आयुर्वेद महाविद्यालय सुरू केले.

महाराष्ट्रात सर्वांत परिचित औषध म्हणजे अडुळसा (सं. वासा). गुरे त्याची कडू पाने सहसा खात नसल्याने तो कुंपणाला लावतात. पाने वाफवून काढलेला रस मधाबरोबर देतात. पानांतील व्हॅसिसीन हे अल्कलॉइड श्वासनलिका रुंदावण्यास मदत करते. त्याच्या संरचनेवरून ब्रोमहेक्झीन हे कफ पातळ करणारे आधुनिक औषध तयार करण्यात आले. याशिवाय ज्येष्ठमध, पिंपळी, रिंगणी व भारंगी यांचाही वापर होतो. सितोपलादी चूर्णात खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलदोडा व दालचिनी असतात.

वनस्पतिज औषध निरुपद्रवीच असते, हा समज चुकीचा आहे. ज्या द्रव्यामुळे गुण येतो, त्याच द्रव्याने अपायही होऊ शकतो. व्हॅसिसिनाने गर्भाशयाचे आकुंचन होत असल्यामुळे गर्भवतीने अडुळसा घेऊ नये. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो. दम्यावर धोतऱ्याच्या पानांचा धूर घेण्याची प्रथा होती. परंतु पानांतील ॲट्रोपिनाचे प्रमाण अनिश्चित असल्याने विषबाधेचा धोका असतो. एक वर्षाखालील मुलास मध देऊ नये. दम्यावरील काही तथाकथित आयुर्वेदीय चूर्णांत स्टेरॉइडांची भेसळही आढळलेली आहे.

साध्या सर्दी-खोकल्यात या औषधांनी आराम मिळू शकतो. दम्याच्या तीव्र झटक्यात मात्र काढ्यावर विसंबणे घातक ठरते. बोलताना वाक्य पुरे न होणे, ओठ निळसर पडणे किंवा श्वास घेताना बरगड्यांमधील भाग आत ओढला जाणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी डॉक्टरांनी सांगितलेले श्वासावाटे घ्यावयाचे औषध ताबडतोब देऊन रोग्यास रुग्णालयात न्यावे. नेहमीचे औषधही वैद्यकीय सल्ल्यावाचून बंद करू नये.