चढाची सुरुवात देवगाव फाट्यापासून

मराठवाड्यात घाट म्हटला की लोक बालाघाटाकडे बोट दाखवतात, नाहीतर कन्नडच्या औट्रम घाटाचे नाव काढतात. परभणी जिल्ह्यात सायकलने चढ चढायला जातोय असे सांगितले तर खुद्द परभणीकरही हसतो. त्याचेही चूक नाही. जिल्ह्याचा मोठा भाग गोदावरीच्या खोऱ्यातली काळी, सपाट जमीन आहे. पण उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे उतरलेले आहेत. एसटीत किंवा चारचाकीत बसलेल्याला ते जाणवत नाहीत. सायकलवाल्याच्या मांड्या मात्र दर दोन किलोमीटरला त्यांची नोंद घेतात. या चढांची ओळख करून घ्यायची तर सुरुवात देवगाव फाट्यापासून करावी.

फाटा सेलू तालुक्यात. एक रस्ता मंठा-जालन्याकडे, दुसरा सेलू-पाथरीकडे, तिसरा चारठाणा-जिंतूरकडे. भज्यांच्या कढया, खताची आणि फवारणीच्या औषधांची दुकाने, पंक्चरच्या टपऱ्या, मोबाइलचे रिचार्ज, उन्हात उभ्या काळीपिवळ्या. मराठवाड्यातल्या कोणत्याही फाट्यावर असते तेच सारे. ज्याला सेलूला जायचे तो इथे उतरतो, चहा घेतो आणि पुढची गाडी पकडतो. जिल्हा फिरलेल्या कोणालाही विचारा, देवगाव फाट्यावर तो थांबलेला असतो, पण त्याने फाटा पाहिलेला नसतो.

इतिहास थोडक्यात उरकतो. निजामाची राजवट, 1948 चा मुक्तिसंग्राम, सेलूचे गोपाळराव देशमुख महाराज आणि साईबाबांशी जोडली जाणारी त्यांची आख्यायिका, पाथरी हे साईबाबांचे जन्मस्थान यावरून उठलेला वाद, हे सगळ्यांना पाठ आहे. एक गोष्ट मात्र सायकलवाल्याला उपयोगाची. फाट्यापासून जवळच असलेला मंठ्याचा परिसर पूर्वी परभणी जिल्ह्यातच होता. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुक्याबरोबर तो तिकडे गेला. 1 मे 1999 रोजी हिंगोली वेगळी झाली आणि औंढा नागनाथही गेले. त्यामुळे मंठा ते औंढा असा सायकलचा लांब पल्ला मारला तर आज तीन जिल्हे लागतात. जुन्या नकाशात तो एकाच जिल्ह्यातला रस्ता होता.

फाट्यावरून पूर्वेला निघालो की उत्तरेकडे पूर्णेचे खोरे आणि दक्षिणेकडे दुधनेचे. मधल्या उंचवट्याने रस्ता जातो. सह्याद्रीतल्यासारखी वळणावळणाची, एकदम छातीवर येणारी चढण इथे नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तसा राजा या रस्त्यावर ठरवता यायचा नाही, कारण चढ कुठे सुरू झाला आणि कुठे संपला यावरच भांडण होईल. लांबून सपाट दिसणारा रस्ता पायाखाली हळूच वर सरकत असतो. गिअर एकेक उतरत जातो आणि समोर चढ काही दिसत नाही. टेकाडावर पोचलो की पलीकडे उतार, उताराच्या तळाला ओढ्यावरचा पूल आणि पुन्हा चढ. दोन्ही बाजूंना कापूस, तूर, सोयाबीन. जमीन कुठे काळीभोर, तर कुठे मुरमाड, दगड वर आलेली.

याच वाटेवर चारठाणा लागते. गावात तीनशे साठ मंदिरे आणि तितक्याच बारवा होत्या, असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. आकडा दंतकथेचा, पण जे उरले आहे तेही थक्क करणारे आहे. गोकुळेश्वराचे मंदिर, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी बारव, आणि उघड्यावर एकटाच उभा असलेला कोरीव दगडी स्तंभ. यादवकाळातले हे काम. स्तंभाजवळ गेलो की एकावर एक चढत गेलेले नक्षीचे थर दिसतात. त्याच्या सावलीत सायकल टेकवायचा मोह आवरावा, हँडलचा ओरखडा आठशे वर्षांच्या दगडावर शोभत नाही. सायकली बाहेर ठेवून आत जाता येईल अशी सोय कोणी केली तर बरे होईल.

पुढे जिंतूर. गावाजवळच्या नेमगिरीच्या टेकडीत जैन लेणी आहेत. वाकून आत शिरावे लागते. आतली पार्श्वनाथांची मूर्ती अधांतरी असल्याची ख्याती आहे. एका लहानशा दगडी टेकूवर तिचा सारा भार असल्याचे पुजारी दाखवतात. ज्यांच्या पायात अजून जोर आहे त्यांनी जिंतूरहून उत्तरेला येलदरीचा रस्ता धरावा. पूर्णेवरचे हे धरण 1968 मध्ये पूर्ण झाले. पायथ्याला साडेबावीस मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. धरणाकडे उतरताना फार मजा येते. तोच उतार परतताना चढायचा आहे, हे लक्षात ठेवून खाली जावे.

एवढे सगळे असूनही या परिसरात मी सर्वांत जास्त वेळ रमलो तो फाट्यावरच्या एका टपरीत. साठीच्या पुढचे एक मामा तिथे सायकली दुरुस्त करतात. नाव छापू नका म्हणाले. “नावाला काय करायचं सर, लोक पंक्चरवालाच म्हणतात.” माझ्या मागच्या चाकाला आउट आला होता. त्यांनी चाक काढले, सायकल उलटी करून त्याच चिमट्यात पुन्हा बसवले आणि फिरवले. ब्रेकच्या रबराजवळ खडूचा तुकडा धरला. रिम जिथे डगमगत होती तिथे पांढरी खूण उमटत गेली. मग काड्या आवळायची छोटी चावी घेऊन इकडची काडी पाव फेरा घट्ट, समोरची तेवढीच सैल. पुन्हा फिरव, पुन्हा खडू. मध्येच बोटाने एकेक काडी छेडून आवाज ऐकायचे. सैल काडीचा आवाज बद्द येतो, आवळलेलीचा टणत्कार. “डोळा चुकतो, कान चुकत नाही,” ते म्हणाले. शेवटी खूण सगळ्या कडेने सारखी उमटली तेव्हाच चाक हातावेगळे केले.

एके काळी त्यांच्याकडे भाड्याच्या सायकली होत्या. तासाप्रमाणे पैसे, वहीत नाव, ओळखीचा माणूस असेल तरच सायकल. एसटीतून उतरलेला पाहुणा सायकल घेऊन आतल्या गावाला जायचा आणि संध्याकाळी आणून लावायचा. मोटारसायकली आल्या तशा भाड्याच्या सायकली गंजत गेल्या. मुलांनी वडिलांचा धंदा धरला नाही. मामांनी टायरपंक्चरवर दिवस काढले. आणि आता उतारवयात सायकल त्यांच्याकडे परत आली आहे, तीही दोन वाटांनी.

एक वाट शहराची. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. 2017 मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. त्यानंतर महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या शहरांत डॉक्टर, शिक्षक, व्यापारी पहाटे हेल्मेट घालून बाहेर पडू लागले. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर पुरे करायची ‘ब्रेव्हे’ ही भाषा जालना-नांदेडकडेही बोलली जाऊ लागली. अशी मंडळी कधीमधी फाट्यावर थांबतात. त्यांच्या सायकलींची किंमत ऐकून मामा आधी हबकले होते. आता म्हणतात, “किंमत काही असू द्या, काड्या त्याच.”

दुसरी वाट आसपासच्या गावांची. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सकाळी शाळेच्या वेळेला रस्त्यावर उभे राहिले की कळते, या चढांवरचे खरे सायकलपटू कोण ते. निळी सायकल, मागे कॅरिअरला अडकवलेले दप्तर, बहुतेकदा डबलसीट मैत्रीण, आणि गिअर नाही. टेकाडाशी दोघी उतरतात, सायकल ढकलत वर नेतात आणि माथ्यावर पुन्हा बसतात. त्यांच्या सायकलींचे पंक्चर मामा काढतात. सुट्टे नसले तर उद्या दे म्हणतात. तो उद्या नेहमी येतोच असे नाही, हे त्यांनीच हसत सांगितले.

तक्रार करायची ती याच मुलींच्या वतीने. रस्ता रुंद होत गेला तशी कडेची जुनी झाडे गेली. नव्या रोपांचे पिंजरे दिसतात, सावली दिसत नाही. डांबराची कड आणि बाजूपट्टी यांत काही ठिकाणी वीतभर फरक आहे. मागून ट्रकचा हॉर्न आला की सायकल खाली उतरवावी लागते आणि तिथेच पोरी पडतात. मीटरभर रुंदीची पक्की बाजूपट्टी एवढेच मागणे आहे. फाट्यावर पिण्याच्या पाण्याचा नळ आणि बायकांसाठी स्वच्छतागृह असले तर सायकलवालेच काय, एसटीची वाट पाहणारेही दुवा देतील.

जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे कामाचे. दिवाळी ते शिवरात्र हा काळ उत्तम. थंडीत परभणीचा पारा एक आकड्यावर येतो, तेव्हा पहाटे हातमोजे हवेतच. त्या दिवसांत वारा बहुधा पूर्वेकडून असतो. म्हणून जिंतूरकडे जाताना तो तोंडावर घ्यावा, परतताना तोच ढकलत आणतो. पावसाळ्यात गणित उलटे. उन्हाळ्यात नऊच्या आत सावली गाठावी. चारठाणा सोडले की पंक्चरचे सामान आपले आपल्याजवळ असावे.

जालना ते नांदेड असा समृद्धी महामार्गाला जोडणारा द्रुतगती महामार्ग मंजूर आहे. समृद्धीवर दुचाकीलाच मनाई आहे, तिथे सायकलचे नाव नको. या नव्या रस्त्याचीही तीच रीत असणार. जड वाहने तिकडे वळली तर जुना रस्ता मोकळा होईल, म्हणून सायकलवाले खूश आहेत. भज्यांची कढई सांभाळणारा मात्र धास्तावला आहे, कारण गाड्याच वळल्या तर फाट्यावर उतरणार कोण? मामांना विचारले तर त्यांचा हिशेब सरळ निघाला. “गाडीवाला थांबंल नाहीतर जाईल. सायकलवाला चढ चढून आलेला असतोय, त्याला थांबावंच लागतंय.” या हिशेबावर कढई चालणार नाही, पण सायकलच्या मार्गांची आखणी करणाऱ्यांनी सुरुवात करायला हरकत नाही. नकाशावर फाटा आहेच. त्यावर चहा, पाणी आणि काड्या आवळणारा माणूस आहे अशी खूण तेवढी करायची आहे.