‘लग्न झालं की ताळ्यावर येईल’ आणि असेच काही गैरसमज

शिरूर आणि दौंड हे भीमेच्या दोन काठांवरचे शेजारी तालुके. इकडे रांजणगाव-सणसवाडीच्या कंपन्या, तिकडे कुरकुंभची एमआयडीसी आणि दौंडचं जंक्शन, दोन्हीकडे ऊस. न्हावऱ्याची लेक केडगावला दिलेली, राहूचा पोरगा तळेगाव ढमढेऱ्याचा जावई, अशा सोयरिकी इथे नेहमीच्या. स्थळ बघताना चौकशी होते ती जमिनीची, नोकरीची, व्यसनाची. स्वभावाची चौकशी ‘मुलगा कसाय?’ आणि ‘चांगलाय’ एवढ्यावर संपते. पुढे काही बिनसलं की मात्र शब्दांना तोटा नसतो. आतल्या गाठीचा आहे, लई पोचलेला आहे, तोंडावर गोड आणि मागं काड्या करणारा आहे, स्वतःपुढं कुणाला मोजत नाही.

मानसशास्त्रज्ञ याच निरीक्षणांची मांडणी वेगळ्या तऱ्हेने करतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डेलरॉय पॉलहस आणि केविन विल्यम्स यांनी २००२ मध्ये तीन स्वभावछटांचा एकत्र अभ्यास मांडला आणि त्या तिघींना ‘डार्क ट्रायड’ हे नाव दिलं. पहिली नार्सिसिझम, म्हणजे मी इतरांपेक्षा वरचा आणि मला खास वागणूक मिळालीच पाहिजे ही धारणा. दुसरी मॅकियाव्हेलियनिझम, म्हणजे थंड डोक्याचा कावेबाजपणा, माणसं वापरून घेणं. तिसरी सायकोपॅथी, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने न हलणारं मन आणि परिणामांची बेफिकिरी. पुढे काही संशोधकांनी त्यात चौथी भर घातली, दुसऱ्याला त्रास देण्यात मजा वाटणं. चारही छटांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते : समोरच्याचं काहीही होवो, माझं साधलं पाहिजे आणि त्याला माझ्याकडे कारणही तयार आहे.

हे शब्द आता मोबाइलवरच्या रील्समधून गावोगाव पोचले आहेत. त्यांच्यासोबत गैरसमजही आले, आणि काही आधीपासून घरातच होते.

गैरसमज : अशी माणसं म्हणजे खुनी, गुन्हेगार.

वस्तुस्थिती : पुणे जिल्ह्यातल्या साठी ओलांडलेल्या माणसासमोर ‘विकृत’ हा शब्द उच्चारला की त्याला जोशी-अभ्यंकर हत्याकांड आठवतं. १९७६-७७ मध्ये चार तरुणांनी पुण्यात दहा जणांचे खून केले आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात त्यांना फाशी झाली. मनात हेच चित्र पक्कं बसलं की घरातला माणूस त्यात कधीच बसत नाही. ‘आमचा तसा नाही’ म्हणून विषय संपतो.

पॉलहस-विल्यम्स यांनी मात्र तुरुंगातले कैदी तपासले नव्हते. त्यांच्या प्रश्नावल्या विद्यापीठातल्या साध्या विद्यार्थ्यांनी भरल्या होत्या. रक्तदाब जसा प्रत्येकाला असतो आणि तो किती हा प्रश्न असतो, तशाच या छटा प्रत्येकात कमी-जास्त असतात. टोकाची सायकोपॅथी मोजायला रॉबर्ट हेअर यांची २० मुद्द्यांची, ४० गुणांची तपासणी वापरतात. अमेरिकेत साधारण ३० गुणांची रेषा धरतात, आणि हे गुण देण्याचा अधिकार प्रशिक्षित तज्ज्ञालाच असतो. संसारात खुपतं ते बहुतेक वेळा त्या रेषेच्या बरंच अलीकडचं असतं. ना गुन्हा, ना आजार, पण रोजचा जाच.

गैरसमज : डोक्यावर परिणाम झालाय, नाहीतर कुणी काही केलंय. त्याशिवाय माणूस असं वागेल का?

वस्तुस्थिती : सायकोसिस आणि सायकोपॅथी हे शब्द कानाला जवळचे, पण अर्थाने फार लांबचे. सायकोसिसमध्ये वास्तवाचं भान सुटतं, नसलेले आवाज ऐकू येतात, खोट्या गोष्टी खऱ्या वाटतात. त्याला औषधोपचार आहेत. डार्क ट्रायडमधला माणूस पूर्ण भानावर असतो. साहेबांसमोर कसं बोलायचं आणि बायकोसमोर कसं, हा फरक तो बरोबर पाळतो. झटका आला म्हणून वागला, तर तो झटका सोसायटीच्या चेअरमनसमोर का येत नाही?

या गैरसमजाचा फटका दोन्हीकडून बसतो. जाच करणाऱ्याला ‘बिचाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही’ अशी सवलत मिळते, आणि खऱ्या मनोरुग्णावर क्रूरपणाचा शिक्का बसतो. शिवाय बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे चकरा मारण्यात वर्षं जातात ती वेगळीच.

गैरसमज : एवढा गोड बोलणारा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा माणूस घरात असं कसं करेल?

वस्तुस्थिती : पॉलहस यांनीच १९९८ मध्ये एक अभ्यास मांडला होता. अनोळखी विद्यार्थ्यांचे गट केले आणि त्यांच्या सात बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीनंतर आत्मप्रौढी मिरवणारे विद्यार्थी इतरांना आवडले होते, हुशार आणि आत्मविश्वासू वाटले होते. सातव्या बैठकीपर्यंत तेच बढाईखोर आणि तुसडे वाटू लागले. म्हणजे अशा माणसाची पहिली छाप खोटीच असते असं नाही, ती टिकत नाही. आता आपला कांदेपोह्यांचा कार्यक्रम आठवा. एक बैठक, फार तर दोन, आणि सुपारी फुटते.

हीच अडचण पुढे भांडण मिटवतानाही येते. राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव योजना सुरू झाली आणि गावोगावी समित्या झाल्या. बांधाच्या, पाण्याच्या भांडणाला त्या उपयोगी पडतात. पण समजा एक नवरा-बायकोचा तंटा देवळाच्या ओसरीवर आला. तो इस्त्रीचा शर्ट घालून येतो, थोरांच्या पाया पडतो, शांतपणे म्हणतो, ‘दादा, मी तर तिला काहीच कमी पडू देत नाही, तीच संशय घेते.’ ती रडते, आवाज चढवते, तारखा विसरते, मधेच माहेरच्या दहा गोष्टी काढते. बघणाऱ्यांना खरं कोण वाटणार? महिनोन्महिने ‘असं काही झालंच नव्हतं, तुझ्या मनाचे खेळ आहेत’ ऐकलेलं माणूस स्वतःच्या आठवणीवरच शंका घेऊ लागतं. शांत दिसणं हा निर्दोष असल्याचा पुरावा नाही आणि आक्रस्ताळेपणा हा दोषी असल्याचा. पंचांनी दोघांना वेगवेगळं बसवून ऐकलं, तरी बराच फरक पडतो.

गैरसमज : त्याला दुसऱ्याचं मन कळतच नाही, म्हणून असा वागतो.

वस्तुस्थिती : मन कळणं आणि मनाला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डार्क ट्रायडच्या छटा ज्यांच्यात जास्त, त्यांना समोरच्याची नाडी बऱ्याचदा चांगली सापडते. कमतरता असते ती त्या दुःखाने आपल्याला वाईट वाटण्याची.

जमिनीच्या व्यवहारात हे स्वच्छ दिसतं. महामार्ग आणि एमआयडीसीमुळे शिरूर-दौंडच्या शिवारांत गुंठ्याला भाव आला. हिंदू वारसा कायद्यातल्या, ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. आता वर्षानुवर्षं न फिरकलेला एखादा भाऊ अचानक भाऊबिजेला भारी साडी घेऊन येतो. बहिणीला माहेर तुटण्याची धास्ती किती आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ‘नुसती सही आहे, सातबाऱ्याचं काम अडलंय’ म्हणत तो तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतो, आणि सही होते ती हक्कसोडपत्रावर. कित्येक बहिणी समजून-उमजून, राजीखुशीने हक्क सोडतात, तो त्यांचा अधिकार. कावेबाजपणा ओळखायचा तो घाईवरून, अर्धवट सांगण्यावरून, आणि सही झाल्यावर फोन उचलणं बंद होण्यावरून. नोंदणी होणारा कागद आधी घरी मागून घ्यावा, वकिलाकडून वाचून घ्यावा. ज्याचा हेतू साफ आहे, त्याला चार दिवस थांबायला अडचण नसते.

गैरसमज : हे सगळं पुरुषांचंच.

वस्तुस्थिती : सरासरीत या छटा पुरुषांमध्ये जास्त आढळतात. पण पावणेपाच लाखांवर लोकांच्या माहितीवर आधारलेल्या, २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात नार्सिसिझममधला स्त्री-पुरुष फरक छोटाच निघाला. शिवाय या स्वभावाचं एक हळवं रूपही असतं. त्यात फुशारकी नसते. ‘माझ्यासाठी कुणी काही करत नाही’ हा सततचा सूर असतो, आणि त्या सुरावर सगळं घर नाचवलं जातं. अशी सासू असते, सून असते, थोरली जाऊ असते, सासरेबुवाही असतात.

न्यायालयही इथे स्त्री की पुरुष हे पाहत नाही. पुण्यात सुरू झालेल्या ‘दास्ताने विरुद्ध दास्ताने’ या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९७५ मध्ये दिला आणि तो आजही दाखला म्हणून वापरला जातो. पतीने पत्नीच्या मानसिक आजाराचा मुद्दा काढला होता, तो टिकला नाही. पत्नीच्या वागण्यातली क्रूरता मात्र न्यायालयाने मान्य केली, ती तिच्या बोलण्यावरून आणि कृतींवरून. तरीही पतीला विभक्तता मिळाली नाही, कारण नंतर संसार चालू ठेवून त्याने ते माफ केलं होतं असं ठरलं. आणखी एक गोष्ट या निकालाने स्पष्ट केली : अशा खटल्यात फौजदारीसारखा संशयातीत पुरावा लागत नाही, पारडं कुठे झुकतं ते पाहायचं. म्हणजे माणसाला कोणतं लेबल लागतं यावर काही ठरलं नाही. ठरलं ते तो काय वागला यावर.

गैरसमज : लाडाने बिघडला. किंवा, मायाच मिळाली नाही म्हणून असा झाला.

वस्तुस्थिती : जुळ्यांच्या अभ्यासांतून यात आनुवंशिकतेचा वाटा दिसतो, घडणीचाही दिसतो. नेदरलँड्समधल्या ५६५ मुलांवरचा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी आहे. ‘तू इतर मुलांपेक्षा वरचढ आहेस’ हे आईबापांकडून मिळत राहिलेल्या मुलांमध्ये पुढे नार्सिसिझम वाढलेला दिसला. ज्यांना आईबापांची माया मिळाली, त्यांच्यात निकोप आत्मसन्मान वाढला. तेव्हा माया कमी करायची गरज नाही. पोरगं शाळेत कुणाला मारून आलं आणि बाप चारचौघांत ‘आमचा वाघ आहे’ म्हणाला, तर बदलायचं आहे ते हे वाक्य.

गैरसमज : दोनाचे चार हात झाले की ताळ्यावर येईल.

वस्तुस्थिती : याच्या उलट टोकाला ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आहे, आणि गंमत म्हणजे एकच घर दोन्ही म्हणतं. लग्नाआधी पहिलं, लग्नानंतर सुनेला समजावताना दुसरं. दोन्ही अर्धवट आहेत. ३७ हजारांवर लोकांच्या दीर्घकालीन नोंदींचा २०२४ मधला आढावा सांगतो की वयानुसार नार्सिसिझम सरासरीने हळूहळू कमी होतो. पण जो बरोबरीच्यांत वरचढ होता, तो पुढेही साधारण त्यांच्यात वरचढच राहतो. बदल घडतो, तोही संथ आणि दशकांच्या हिशेबाने. समुपदेशनाचा उपयोग होतो, पण माणूस स्वतःहून आला आणि टिकला तर. त्याला सुधारण्यासाठी दुसऱ्याच्या मुलीचा संसार लावणं हा उपचार नव्हे. ज्या माणसाला बदलायचं असतं, त्याच्या माफीनंतर वागणं बदलतं. नुसती माफीच पुन्हापुन्हा येत असेल, तर तो जाचाच्याच फेऱ्याचा भाग असतो.

गैरसमज : हात तर उचलला नाही ना? मग छळ कसला?

वस्तुस्थिती : २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाच आहे. बाई रांजणगावात कंपनीत आठ तास उभी राहते, पगार तिच्या खात्यात येतो आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात. तिला भिशीलाही हात पसरावा लागतो. हा आर्थिक छळ होऊ शकतो. मूल होत नाही म्हणून टोमणे, माहेरी फोन करू न देणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं, हेही याच कायद्याच्या कक्षेत येतं. संरक्षण अधिकारी तिचा अर्ज तयार करायला मदत करतात, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी साधारण तीन दिवसांत पहिली तारीख लावावी, असं कायदा सांगतो. पुरुषाला या कायद्याखाली दाद मागता येत नाही, पण हिंदू विवाह कायद्यातलं क्रूरतेचं कारण नवरा-बायको दोघांनाही सारखंच खुलं आहे.

घर सोडलेल्या बाईला थारा लागतो, हे दौंड तालुक्याला कुणी नव्याने सांगायला नको. दुष्काळाने आणि घराने टाकलेल्या बायका-मुलींसाठी पंडिता रमाबाईंनी १८९० च्या दशकात केडगावातच मुक्ती सदन उभं केलं होतं.

राहिला शेवटचा गैरसमज, आणि तो अगदी ताजा : रील बघून दहा लक्षणं जुळली की निदान झालं. भांडणात कोण स्वार्थी होत नाही? एका रागावर, एका खोट्यावर कुणाला नार्सिसिस्ट ठरवू नये. तसं ठरवून हाती काही लागतही नाही, कारण समोरचा ते कधीच मान्य करत नाही आणि वाद शब्दावर घसरतो. त्यापेक्षा साध्या वहीत लिहावं : तारीख, काय बोलणं झालं, काय केलं, कोण समोर होतं, माफीनंतर किती दिवस बरे गेले. दोन-तीन महिन्यांत तो प्रसंग होता की ती रीतच आहे, हे कळतं. स्वतःच्या आठवणीवरची शंका जाते. समुपदेशक, संरक्षण अधिकारी, वकील यांच्यापुढे काय सांगायचं तेही तयार असतं. वही मात्र माहेरी, मैत्रिणीकडे, त्याच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. मन खचलं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. महिलांसाठी १८१, आणि जिवावर बेतलं तर ११२. तेव्हा मात्र वहीत नोंद करत बसू नका, आधी फोन करा.