पिल्लांमधील पार्व्होचे निदान

पार्व्हो विषाणू कुत्र्याच्या पिल्लाची आतडी आणि अस्थिमज्जा या दोन्हींवर हल्ला करतो. १९७८ मध्ये तो जगभर पसरला. लस न दिलेल्या, ६ आठवडे ते ६ महिने वयाच्या पिल्लांना धोका सर्वाधिक. आधी पिल्लू मलूल होते, खाणे सोडते. मग उलट्या आणि दुर्गंधीयुक्त, बहुधा रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात.

जंतांमुळे किंवा आतड्यात काही अडकल्यानेही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून तपासणी हवीच. विष्ठेच्या नमुन्यावरील पट्टी-चाचणी सुमारे १० मिनिटांत निकाल देते. आजाराच्या सुरुवातीला ती निगेटिव्ह येऊ शकते, तर नुकत्याच दिलेल्या लसीमुळे कधी पॉझिटिव्ह. रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर संशय बळावतो. तरीही शंका उरल्यास पीसीआर चाचणी करतात.

भंडारा परिसरात राहणाऱ्यांसाठी सुमारे ६० किलोमीटरवर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र जुलाब लागताच पिल्लाला आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे; चाचणीच्या निकालाची वाट पाहत सलाइन देणे लांबवू नये. आजारी पिल्लू वेगळे ठेवावे आणि निरोगी पिल्लांना ६ ते ८ आठवड्यांपासून लस वेळेवर द्यावी.