बाटलीत नसलेली गोष्ट

अमेरिकेतल्या क्वेकर ओट्स कंपनीने १९९४ साली ‘स्नॅपल’ हा थंड चहा आणि फळपेयांचा ब्रँड १७० कोटी डॉलर मोजून घेतला आणि १९९७ मध्ये अवघ्या ३० कोटींना देऊन टाकला. मधल्या काळात कारखान्याला आग लागली नव्हती. खरं तर आग लागायला स्वतःचा कारखानाच नव्हता, बाटल्या दुसरेच भरून द्यायचे. पेयात काही भलतंसलतंही सापडलं नव्हतं. मग १४० कोटी डॉलर गेले कुठे?

मार्केटिंगच्या इतिहासातलं यापेक्षा गमतीदार कोडं मला माहीत नाही. ते सोडवायला बसलं की ब्रँड नावाची चीज नेमकी राहते कुठे, हेच आधी शोधावं लागतं.

स्नॅपलची सुरुवात १९७२ची, न्यूयॉर्कमधली. तिघे मालक. त्यातले दोघे एकमेकांचे मेहुणे, धंदा खिडक्या पुसण्याचा. तिसऱ्याचं हेल्थ फूडचं दुकान. आज यालाच आपण स्टार्टअप म्हटलं असतं. माल सुपरमार्केटमध्ये फारसा नसायचा. कोपऱ्यावरच्या सँडविचच्या दुकानात, फ्रीजमध्ये, दुपारच्या जेवणासोबत घ्यायची ही एकट्याची बाटली. ती तिथवर पोचवणारे शेकडो छोटे वितरक होते आणि आपापला इलाखा त्यांनी करारानं पक्का करून घेतला होता.

आणि एक वेंडी कॉफमन होती. ऑर्डर घेणाऱ्या विभागात काम करणारी. लोक कंपनीला पत्रं लिहितात आणि कुणी उत्तर देत नाही, हे पाहून तिनं आपणहून उत्तरं लिहायला घेतली. पुढे जाहिरातवाल्यांनी तिलाच स्वागतकक्षाच्या टेबलामागे बसवून पत्रं वाचायला लावली. भरल्या अंगाची, ठसक्यात न्यूयॉर्की बोलणारी, कुठल्याही अंगानं मॉडेल न वाटणारी बाई. लोकांना ती आपल्या गल्लीतली वाटली.

क्वेकरची माणसं काही मूर्ख नव्हती. गेटोरेड हे पेय त्यांनीच मोठं केलं होतं. म्हणून तर त्यांनी तीच पट्टी इथे लावली. स्नॅपलच्या वितरकांना सांगितलं, सुपरमार्केटची गिऱ्हाइकं आमच्याकडे द्या, बदल्यात छोट्या दुकानांत आमचं गेटोरेड विका. कागदावर हिशेब चोख होता. पण गेटोरेडवर सुटणारा पैसा कमी, मग वितरक कशाला ऐकतील? नाहीच ऐकलं. मग घरी नेण्यासाठी मोठ्या बाटल्या आणल्या, पण सँडविचसोबत दोन लिटरची बाटली कोण घेतो? वेंडीलाही जाहिरातीतून काढलं, कारण ती ‘राष्ट्रीय ब्रँडा’ला शोभत नव्हती. अॅरिझोना, फ्रूटोपिया असे स्पर्धक तेव्हा जोरात होते, हेही खरं. पण घसरणीला हात घरचाच लागला.

नंतरच्या मालकानं, ट्रायार्क कंपनीनं, वेंडीला परत बोलावलं, तिच्या नावाचा एक स्वादही काढला आणि वितरकांशी जुळवून घेतलं. तीन वर्षांनी, २००० साली, सोबतच्या काही छोट्या ब्रँडांसह स्नॅपल कॅडबरी श्वेप्सला विकलं गेलं, तेव्हा किंमत पुन्हा एक अब्ज डॉलरच्या आसपास होती!

ब्रँडचं नाव कळल्यावर डोक्यात काय घडतं, याची एक झलक २००४ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवली. माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून नळीतून कोक आणि पेप्सी पाजले. नाव न सांगता दिलं, तेव्हा आवड साधारण निम्मीनिम्मी विभागली गेली. ‘हे कोक आहे’ असं कळलं की पारडं कोककडे झुकायचं आणि मेंदूतले स्मरणाशी निगडित भाग, हिप्पोकॅम्पससुद्धा, जागे व्हायचे. पेप्सीचं नाव सांगून तसं घडलं नाही. म्हणजे घोटासोबत आठवणही प्यायली जात होती. ती आठवण कंपनीच्या ताळेबंदात असते, पण कंपनीच्या ताब्यात नसते.

कोका-कोलाला हा धडा आपल्याकडेही मिळाला. १९९३ मध्ये त्यांनी रमेश चौहान यांच्या पार्लेकडून थम्स अप घेतलं आणि सुरुवातीला सगळा जोर कोकवर लावला. थम्स अप पिणारे हलले नाहीत. शेवटी कंपनीलाच त्या ब्रँडमागे उभं राहावं लागलं आणि २०२१ मध्ये थम्स अपची भारतातली वार्षिक विक्री एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली.

आताचे खरेदीदार सबुरीनं घेताना दिसतात. मुंबईच्या मॅरिकोनं बिअर्डो या पुरुषांच्या प्रसाधनांच्या ब्रँडमध्ये २०१७ला ४५ टक्के हिस्सा घेतला आणि उरलेला २०२०मध्ये. हिंदुस्थान युनिलिव्हरनं २०२५मध्ये जयपूरच्या मिनिमलिस्ट या त्वचेच्या प्रसाधनांच्या ब्रँडचा ९०.५ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं, तेव्हा बाकीच्यासाठी दोन वर्षं ठेवली आणि कारभार संस्थापकांकडेच राहू दिला. ही वर्षं मार्केटिंगवाल्यानं लोगो रंगवण्यात घालवू नयेत. कुठलं दुकान, कुठली वेळ, कुणाचा आवाज, कुणाची सवय, यातलं काय काढलं तर गिऱ्हाईक उठून जाईल, हे या काळात त्यानं धुंडाळावं. संस्थापकालाही ते अनेकदा सांगता येत नाही, कारण त्यानं ते ठरवून केलेलंच नसतं.

पण नुसतं हात न लावता बसूनही भागत नाही. दाढीची पाती घरपोच विकणाऱ्या अमेरिकेतल्या डॉलर शेव्ह क्लबचंच घ्या. ती पाती कोरियाच्या डॉर्को कंपनीत बनायची. क्लबचं स्वतःचं असं काय, तर २०१२ची एक खट्याळ चित्रफीत, सुमारे साडेचार हजार डॉलरमध्ये केलेली, आणि त्यातला सूर: बड्या कंपन्या ब्लेडच्या नावाखाली तुम्हाला लुटतायत. २०१६मध्ये तो क्लब युनिलिव्हरनं घेतला, किंमत एक अब्ज डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. २०२३मध्ये बहुतांश हिस्सा विकून कंपनी मोकळी झाली. घरपोच पात्यांची युक्ती तोवर इतरांनीही उचलली होती. शिवाय स्वतःच एका महाकाय कंपनीच्या घरात राहायला गेल्यावर बड्यांची टिंगल कुठल्या तोंडानं करायची?